मदत हवी आहे: मुलांच्या हातात सोंगप्यॉन फुटतात

आम्ही कोरियात, सुवोनला राहतो. छुसॉकला (इथला सुगीचा सण) शेजारच्या आजींकडे सगळी मुलं मिळून सोंगप्यॉन वळतात. यंदा आमची दोघंही (वय 5 आणि 8) बसणार आहेत, म्हणून घरी सराव चाललाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तांदळाच्या पिठीची पारी, आत भाजलेले तीळ आणि साखर, अर्धचंद्राचा आकार, आणि पाइनच्या पानांवर वाफवायचं.

मुलं कडा मिटायला लागली की पारी तडकते आणि वाफवताना साखर बाहेर येते. पाकिटातली कोरडी पिठी उकळतं पाणी घालून मळली, गोळा अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवला, सारणही अर्धाच चमचा घातलं. माझे नीट होतात. मुलांना वेळ लागतो, तोवर पारी सुकते. मोदकासारखी उकड काढली, तर फार चिकट झाली.

आजी भिजवलेले तांदूळ दळून आणलेली ओली पिठी वापरतात. साचा नकोय, मुलांनी हातानेच वळावं असं मनापासून वाटतं.

500 ग्रॅम कोरड्या पिठीला तुम्ही किती पाणी घालता? की मुलांसाठी ओली पिठीच आणावी?