तिरंगी भाटी आणि पिवळा बोका

तिरंगी (पिवळे, काळे आणि पांढरे) मांजर जवळजवळ नेहमी भाटीच, म्हणजे मादीच असते, हे मान्य. परंतु त्यावरून ‘पिवळे मांजर म्हणजे बोकाच’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो पुरता खरा नाही. पिवळेपणाचे जनुक एक्स या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते आणि बोक्याकडे एकच एक्स असल्यामुळे त्याला एक प्रत पुरते, तर भाटीकडे दोन एक्स असल्यामुळे तिला ते आई आणि बाप या दोघांकडूनही मिळावे लागते; एकाच एक्सवर मिळाले, तर ती पिवळी-काळी होते. म्हणून पिवळ्या मांजरांत साधारण पाचांपैकी चार बोके आढळतात, मात्र बाप पिवळा आणि आई तिरंगी असेल, तर सरासरीने निम्मी मादी पिल्ले पिवळीच निघतात. (पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा, त्याचा लिंगाशी संबंध नाही.)

अंगावरच्या ठिपक्यांविषयी एका गोष्टीची भर घालतो. डिसेंबर २००१ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मलेली पहिली क्लोन मांजर (दुसऱ्या मांजराच्या पेशीतून घडवलेली तिची जनुकीय प्रत) ‘सीसी’ ही ‘रेनबो’ नावाच्या तिरंगी भाटीपासून घडवलेली होती, तरीही तिच्या अंगावर पिवळा रंग औषधालाही नव्हता. भाटीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बंद पडतो आणि कोणत्या पेशीत कोणता, हे केवळ योगायोगाने ठरते. रेनबोच्या ज्या पेशीतून सीसी जन्मली, तिच्यात नेमका पिवळ्या जनुकाचा एक्स बंद होता आणि क्लोन करतानाही तो पुन्हा चालू झाला नाही. लाडके तिरंगी मांजर जसेच्या तसे परत मिळेल, या आशेने क्लोनिंगकडे पाहणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.