वॉर बॉनेटला मराठीत काय म्हणायचं? मुकुट, टोप की तुरा?

एका भाषांतरात अडकलेय. अमेरिकेत मोन्टाना राज्यात क्रो जमात आहे, त्यांच्या प्रमुखांच्या डोक्यावर पिसांचं जे असतं ते वॉर बॉनेट. मी 'पंखांचा मुकुट' लिहिलं पण वाचताना नाटकातला राजाच दिसतोय डोळ्यासमोर. आणि क्रो म्हणजे कावळा करू का? शिरोभूषण सुचवू नका प्लीज, फार सरकारी वाटतं.

पंख नाही हो ताई, पिसं. पंख म्हणजे आख्खा अवयव, सुटं ते पीस, हल्ली सगळेच घोळ घालतात. कावळा तर अजिबातच नको, ते लोक स्वतःला अप्सालूके म्हणवतात म्हणजे मोठ्या चोचीच्या पक्ष्याची लेकरं, गोऱ्यांनी त्याचं क्रो करून टाकलं, आता आपण कावळा केलं की चुकीच्या भाषांतराचं पुन्हा भाषांतर. शिवाय पिसं सोनेरी गरुडाची असतात, त्यातही वयात न आलेल्या पक्ष्याच्या शेपटीची, पांढरीशुभ्र आणि टोकाला काळी. एका शेपटीत बाराच. म्हणजे एका टोपाला किती पक्षी लागत असतील बघा.

मुकुट मलाही पटत नाही, कारण मुकुट घडवतात आणि हे प्रकरण चक्क बांधलेलं असतं. प्रत्येक पिसाच्या देठाला चामड्याचा छोटा फासा करायचा, त्यावर लाल कापड गुंडाळून दोऱ्याने आवळायचं, मग हरणाच्या कातड्याच्या टोपीला (नंतर नंतर जुन्या फेल्ट हॅटची कड कापून टाकून उरलेली टोपी वापरायला लागले) भोकं पाडून वादीने ओवायचं. दुसरा एक दोरा पिसांच्या मधोमध आतून फिरवतात, त्यामुळे ती सारख्या अंतरावर राहतात पण चालताना हलतात. कपाळावर मण्यांची पट्टी आणि दोन्ही कानांवरून पांढऱ्या अर्मिनच्या (मुंगसासारखा छोटा प्राणी) कातड्याच्या लांब पट्ट्या. मला तर मुंडावळ्याच आठवल्या!

मग तुरा का नको? शिरपेचात मानाचा तुरा आपण नुसतं म्हणतो, यांच्यात खरंच पराक्रमावर मान मिळायचा. जिवंत शत्रूला हात लावायचा, त्याचं हत्यार हिसकायचं, त्याचा घोडा पळवायचा आणि स्वारीचं नेतृत्व करायचं, ही चार कामं केली की वॉर चीफ. याच जमातीच्या जो मेडिसिन क्रो नावाच्या सैनिकाने ही चारही दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध केली, घोडेसुद्धा पळवले! २००९ साली ओबामांच्या हातून मेडल घेताना डोक्यावर पिसं होतीच.

तुरा छान आहे पण माझं वाक्य वेगळं आहे ना. ११ नोव्हेंबर १९२१ ला अमेरिकेतल्या आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत अनामिक सैनिकाच्या दफनविधीत क्रो प्रमुख प्लेंटी कू यांनी आपलं वॉर बॉनेट शवपेटीपाशी अर्पण केलं. तुरा वाहिला म्हटलं तर एकच पीस वाटतं आणि मुकुट ठेवला म्हटलं तर राज्य सोडल्यासारखं.

आणि चुकूनही 'पगडी उतरवून ठेवली' लिहू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ शरण गेला असा होईल, तिथे तर मान दिलाय.

बरं मग 'गरुडपिसांचा टोप डोक्यावरून काढून वाहिला' असं करते. वाहिला चालेल ना? फूल वाहतो तसं?

चालेल की. फक्त गरुडपिसं जोडून लिहा.