वाड्यावरची मंडळी: निनादची होडी

सुलभाकाकू: सुप्रभात 🙏 कोणीतरी निनादला चार शब्द सांगा. माझं ऐकत नाही. होडी घेतोय म्हणे. मिनेसोटात तळ्यावरचा बर्फ अजून पुरता गेला नाही आणि याला मासे पकडायचेत.

राजूदादा ठाणे: सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना पाचव्या मिनिटाला ज्याला उलटी झाली, तोच ना हा?

निनाद: दादा, ती भजी होती. आई, घेतली नाहीये, बघतोय. अ‍ॅल्युमिनियमची, जुनी. इंजिन आणि ट्रेलर धरून २००० डॉलरच्या आत.

मंगलआत्या: म्हणजे किती रे?

पिंकी: आत्या, पावणेदोन लाख धर.

राजूदादा ठाणे: अच्छा. छान. वाड्याच्या छपराबद्दल मी काहीच बोलत नाही.

पिंकी: बोललास की 😄

बापूकाका देवगड: छपराचं नंतर. निनाद, तळं केवढं?

निनाद: मिल लॅक्स. ५०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. खोली मात्र फार नाही, जास्तीत जास्त १२-१३ मीटर.

बापूकाका देवगड: फार नाही म्हणून खूश होऊ नको. उथळ नि उघडं पाणी वाऱ्याबरोबर लगेच उसळतं, लाटा आखूड आणि उभ्या. आपल्या खाडीच्या तोंडाशी बघितलंस ना. होडी कुठली बघितलीस?

निनाद: दोन आहेत. एक जॉन बोट, १२ फूट, सपाट तळ, ९०० मध्ये सगळं. दुसरी १४ फूट, तळ पुढून व्ही आकाराचा, पत्रे रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडलेले, १९८०च्या दशकातली. १५ एचपी टू-स्ट्रोक इंजिन. १८०० म्हणतोय.

सुलभाकाकू: त्याला पोहता येत नाही. विहिरीत सोडला तर अर्धा गाव गोळा केला होता.

बापूकाका देवगड: सपाट तळाची नको. ओढ्यात, बांधाच्या कडेला ठीक. तिथे उभं राहून गळ टाकता येतो, हलत नाही, ते खरं. पण लाट आली की तळ थापा खातो आणि पाणी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, आत. १४ फुटी बघ.

राजूदादा ठाणे: अमेरिकेत राहून चाळीस वर्षांची जुनी? हप्त्यावर नवी घे ना. सगळे घेतात.

निनाद: दादा, पाच महिने बर्फ असतो. हप्ता मात्र बारा महिने असतो.

मंगलआत्या: आंब्याच्या पेटीचे पैसे कोणाकोणाचे राहिलेत? मी यादी टाकली होती.

पिंकी: आत्या, इथे नको, वेगळा मेसेज कर ना.

मंगलआत्या: वेगळा केला होता. कोणी बघितला नाही.

सुलभाकाकू: त्याला पोहता येत नाही.

निनाद: आई, लाइफ जॅकेट प्रत्येकाला कायद्यानेच लागतं. दहा वर्षांखालच्या मुलांनी तर होडी चालू असताना अंगात घालायलाच हवं.

सुलभाकाकू: म्हणजे चिमीला पण नेणार?!

(निनादने फोटो पाठवले)

निनाद: काका, हे बघा. विकणारा म्हणतो, इंजिन लटकतं ती मागची फळी त्याने स्वतः नवी घातली. मजबूत आहे.

बापूकाका देवगड: तिसरा फोटो जवळून काढून पाठव. बोल्टच्या बाजूला पांढरं काय दिसतंय?

निनाद: पावडर आहे. नखाने खरवडली तर निघते. खाली बारीक खड्डे.

बापूकाका देवगड: फळी हिरवट आहे का?

निनाद: हो! कसं कळलं?

बापूकाका देवगड: वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड आहे ते. त्या औषधात तांबं असतं. ओलं झालं की तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं. लाकूड टिकेल, होडी जाईल.

मंगलआत्या: आमसुलाचं सार अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवलं की भोकं पडतात तसं. आई ओरडायची आपल्याला.

बापूकाका देवगड: बरोब्बर.

राजूदादा ठाणे: भोकं वाड्याच्या छपरालाही पडलीत. पावसाळा जूनमध्ये आहे. सहज आठवण.

सुलभाकाकू: राजू, त्याने एप्रिलअखेर देतो सांगितलंय. सारखं काय?

राजूदादा ठाणे: काकू, मी सहज म्हटलं.

पिंकी: मग ही पण बाद?

बापूकाका देवगड: बाद कशाला? फळी बदलता येते. मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड, घालायचा, कडा इपॉक्सीने बंद करायच्या. खड्डे किती खोल गेलेत ते बघून भाव पाड. जाशील तेव्हा इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा खालचा भाग, धरून वर-खाली हलव. मागचा भाग वाकला तर फळी आतून गेलीय समज. इंजिन पिंपात बुडवून चालू करायला लाव, बाजूने पाण्याची धार सलग यायला हवी. आली नाही तर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप गेला.

निनाद: आणि रिव्हेट?

बापूकाका देवगड: ट्रेलरवर असतानाच होडीत चार बोटं पाणी भर आणि खालून बघ. जिथे थेंब, तिथे पेन्सिलीने खूण. काठोकाठ भरू नको हां. तळ वाकेल नि ट्रेलरही बसेल.

पिंकी: आतल्या पट्टीवर किती माणसं लिहिलीत?

निनाद: ४ माणसं, २५ एचपीपर्यंत.

पिंकी: मग आम्ही आलो तर आत्या किनाऱ्यावर 😄

मंगलआत्या: मला मासे चालतात, होडी चालत नाही.

राजूदादा ठाणे: हा मेसेज डिलीट केला आहे.

सुलभाकाकू: काय लिहिलं होतंस?

राजूदादा ठाणे: काही नाही काकू. चुकून.

(दुसऱ्या दिवशी)

निनाद: जाऊन आलो. सात रिव्हेट गळतात, खुणा केल्या. फळी दोन इंच तरी हलली. इंजिन तिसऱ्या ओढीला लागलं, धार उत्तम. ट्रेलरचं एक चाक फिरवलं की दळण दळल्यासारखा आवाज येतो, बेअरिंग गेलंय. हिरव्या फळीचं सांगितलं तर माणूस गप्प झाला. ११५० वर आला.

बापूकाका देवगड: कागद?

निनाद: १६ फुटांपर्यंत इथे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, लागत नाही. नोंदणीचं कार्ड त्याच्याच नावावर आहे, होडीवरच्या नंबराशी ताडून बघितलं. ट्रेलरचे कागद वेगळे, तेही बघितले.

बापूकाका देवगड: घे मग. आणि चिमीला पहिल्या वाऱ्याच्या दिवशी नेऊ नको.

सुलभाकाकू: मी बोलणारच नाही आता.
सुलभाकाकू: त्याला पोहता येत नाही हो.

निनाद: आई, जूनपासून क्लास लावलाय. मी आणि चिमी, एकाच बॅचला.

पिंकी: 😂😂 चिमी पुढे जाईल.

राजूदादा ठाणे: अभिनंदन निनाद. ठरले होते २०००, लागले ११५०. बाकीचे ८५० राहिले. जीपेचा नंबर तोच आहे.

निनाद: दादा, फळी, बेअरिंग, जॅकेटं…

राजूदादा ठाणे: कौलं पण.