माफीनामा लिहून घेतला म्हणजे काळीचा विषय संपला का?

इंदिरानगरकर
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या भागातल्या एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या तीन पोरांनी मधल्या सुट्टीत काळी नावाच्या कुत्रीचं तोंड सुतळीने बांधलं, शेपटीला लवंगीची माळ लावली आणि पेटवली. चौथ्याने शूटिंग केलं आणि तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर. काळी म्हणजे गेटशेजारच्या वडापावच्या गाडीखाली झोपणारी, कान कापलेला म्हणजे नसबंदी आणि लस दोन्ही झालेलं, आजवर कोणाला चावल्याचं कोणी सांगत नाही. शेपूट काढावी लागली, मागच्या मांडीचं कातडं गेलंय. ड्रेसिंगला मी धरायला जातो, तर डॉक्टरांनी बँडेजचा रोल सोडला की ती लांब पट्टी बघूनच ती जागच्या जागी मुतते.

शाळेने काय केलं, तर चार ओळींचा माफीनामा, पालकांच्या सह्या, आणि शाळेची बदनामी होईल, बाहेर बोलू नका. माझं स्पष्ट मत आहे की लेखी तक्रार पोलिसात गेलीच पाहिजे. पोरांना आत टाकायला नाही हो. माळ वाजली ती अख्ख्या शाळेने ऐकली, आवारात फटाके वाजतायत आणि एकही मोठा माणूस बघायला आला नाही, ह्याची नोंद कुठेतरी कागदावर व्हायला नको का?

पाचवी_ब_ची_आई
दादा तुमची तळमळ कळते, व्हिडिओ मी पण पूर्ण बघू शकले नाही. पण तेरा-चौदा वर्षांची लेकरं आहेत. पोलिसात नाव गेलं की पुढे अॅडमिशन, नोकरी, पासपोर्ट सगळीकडे तेच निघणार. त्यातल्या एकाची आई आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, चार दिवस झाले खाली उतरली नाही, दूधवाल्याला पण दारातून पैसे देत नाही, शेजारणीकडे देऊन ठेवते. चुकलं ते चुकलंच, पण माफी मागितलीय ना, अजून काय करायचं?

सिडकोवाला
मी वेगळं बोलतो, राग आला तरी चालेल. कुत्रं शाळेच्या आवारात होतंच कशाला? माझ्या पोरीला मागच्या वर्षी क्लासवरून येताना पोटरीला चावलं, सिव्हिलला रेबीजच्या इंजेक्शनचं शून्य, तीन, सात अशा दिवसांचं ते कार्ड घेऊन रांगेत उभं राहिल्यावर कळतं. सुप्रीम कोर्टाने 7 नोव्हेंबर 2025 ला सांगितलंय की शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड इथली मोकाट कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका. त्यावर कोणी मोर्चा काढला का? काळीसाठी सगळे गेटवर जमले.

इंदिरानगरकर
@सिडकोवाला तुमच्या पोरीचं वाईट वाटलं, खरंच. पण त्याच आदेशात उचलून नसबंदी, लस आणि मग निवारा असं म्हटलंय, आणि ते काम मनपाचं आहे, आठवीच्या पोरांचं नाही. शाळेने मनपाला एक तरी पत्र दिलं का, हे मी पण विचारतोय.

गेटवर_होतो
एवढी चर्चा कशाला, तिघांना टीसी द्या. दुसऱ्या पालकांना पण जरब बसेल. आणि फोटो टाका तिघांचे, लोकांना कळू दे.

कोर्टाच्या_आवारातून
फोटोचं आधी. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्यांनी ज्यांनी चेहरे दिसतायत तसा व्हिडिओ फॉरवर्ड केलाय त्यांनी आत्ता डिलीट करा. टीसी पण जमणार नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आता ताईंच्या भीतीबद्दल. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये, त्यात कोणाचं करिअर जात नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 325, म्हणजे जनावराला मारणं किंवा अपंग करणं, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण अठराच्या आतल्या मुलांवर अशा प्रकरणात एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते, घरच्या परिस्थितीचा अहवाल बनतो आणि तो बाल न्याय मंडळाकडे जातो. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशन लावू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं. आणि बाल न्याय कायद्याच्याच कलम 24 मध्ये लिहिलंय की ह्यामुळे मुलाला पुढे अपात्र ठरवता येणार नाही. म्हणजे पासपोर्टची काळजी सोडा.

खडू_फळा
तीस वर्षं शिकवलंय नाशिकरोडच्या बाजूला, आता रिटायर्ड. इंदिरानगरकर, मोठा माणूस आला नाही हे बरोबर, पण मधल्या सुट्टीत अर्धे शिक्षक ऑनलाइन माहिती भरत बसलेले असतात आणि पटांगणावर एक पीटीचे सर, त्यांना एकट्याला पकडू नका. माझी तक्रारीला हरकत आहे ती वेगळ्या कारणाने. तारीख पडणार, मंडळ कधी बोलावेल तेव्हा बोलावेल, तोवर पोरं दहावीत जातील. त्यांना आत्ता कोणीतरी समोर बसवून विचारायला हवं की बाबा, तुला तेव्हा काय वाटत होतं. माझ्या वर्गात एकाने सरड्याला असंच केलेलं, त्याची वही तपासताना बाही वर गेली तर दंडावर पट्ट्याचे वळ. प्रत्येक पोराचं असंच असतं असं नाही म्हणत मी, पण माफीनाम्यात हे कोणीच विचारत नाही ना.

इंदिरानगरकर
मॅडम, समोर बसवणार कोण? शाळा म्हणते विषय मिटला. मंडळ निदान घरचा अहवाल तरी मागवेल. उशीर लागेल मान्य, म्हणून दोन्ही करा म्हणतो. शनिवारच्या पालकसभेत समुपदेशक लगेच बोलवा ही मागणी मी करतो, आणि तक्रार सोमवारी देतो. नावं लिहिणार नाही, शाळेच्या आवारात घडलं एवढंच लिहितोय, बाकी पोलीस बघतील.

सिडकोवाला
कुत्र्यांबद्दल मनपाला पत्र पण त्याच सभेत ठरवा. तेवढं असेल तर मी येतो.

पाचवी_ब_ची_आई
मी तक्रारीवर सही करणार नाही, आधीच सांगते, त्या बाईला मी रोज जिन्यात भेटते. पण काळीच्या औषधांचे पैसे आत्तापर्यंत वडापाववाल्या मावशी देतायत हे मला काल कळलं. ते शाळेने द्यायचे, हे सभेत मी उभी राहून बोलणार. बिलं असतील तर पाठवा.