कोकणकड्याचा फोटो एडिट केला की कॅलेंडर का होतो?

रानभूत: मंडळी, सप्टेंबरात हरिश्चंद्रगडाला गेलो होतो, संध्याकाळी कोकणकड्यावर ढग असे फुटले की अंगावर काटा आला, पण घरी येऊन फोटो बघितला तर नुसता करडा. मग लाईटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) क्लॅरिटी (कडा ठळक करणारी) ५०, डिहेझ (धुकं पुसणारं) ६०, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) पण चढवलं आणि आता ढग भारी दिसतायत पण गवत प्लास्टिकचं वाटतंय, कड्याच्या कडेला पांढरी किनार आलीय आणि बायको म्हणते वाण्याने दिवाळीला दिलेलं कॅलेंडर आहे हे. नाट्य पाहिजे पण खोटं नको, कसं करता तुम्ही?

खादाड_ट्रेकर: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) की जेपेग (दाबून लहान केलेली)?

रानभूत: रॉ. तेवढी अक्कल आहे 😄

तिसरा_डोळा: मग वाचलास, १४ बिटच्या रॉमध्ये एका चॅनेलला (लाल, हिरवा किंवा निळा) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६, म्हणून जेपेगचं आभाळ ताणलं की पट्टे पडतात. तुझा घोळ डिहेझचा आहे. लांबचा डोंगर फिका आणि निळसर दिसतो तो मधल्या हवेमुळे, त्यावरूनच डोळ्याला अंतर कळतं. तू धुकं सगळीकडून पुसलंस त्यामुळे मागच्या रांगा नाफ्ता शिखराला येऊन चिकटल्या असणार. सगळं शून्यावर आण, आभाळाला वेगळा मास्क लाव (म्हणजे तेवढाच भाग निवड) आणि डिहेझ तिथेच दे, १५-२० च्या वर जाऊ नकोस. किनार येते ती क्लॅरिटीमुळे, जिथे कडा आणि आभाळ भिडतात तिथून ती ब्रशने पुसून काढ.

हिरव्याचं म्हणशील तर सॅच्युरेशनला हातच लावू नको. हिरव्याचा ह्यू (रंगाची छटा) थोडा पिवळ्याकडे सरकव, सॅच्युरेशन उलट १०-१५ कमी कर, ल्युमिनन्स (उजळपणा) जरासा खाली. संध्याकाळी सूर्य समोर असताना गवत उजेडाने पिवळसर दिसतं, पोपटी नाही, आठवून बघ.

जुना_निगेटिव्ह: एडिट म्हणजे खोटं असं काही नाही हं. अमेरिकन फोटोग्राफर अँसेल अ‍ॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, त्याच निगेटिव्हचे प्रिंट तो पुढे कित्येक वर्षं काढत राहिला आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आभाळ जवळजवळ काळं केलंय. पण चंद्र, क्रूस, ढग सगळं तिथलंच, नवीन काही आणून चिकटवलं नाही. आम्ही पण डार्करूममध्ये पुठ्ठ्याचा तुकडा हलवत, प्रिंटवरचा उजेड अडवत तेच करायचो, हात दुखायचे. तू मोठ्या मऊ ब्रशने जिथे ऊन पडलंय तिथे पाव स्टॉप (उजेडाचं माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड दे, कोपरे पाव स्टॉप दाब, असं तीनचारदा. एका फटक्यात करशील तर डाग दिसतात.

खादाड_ट्रेकर: आणि आभाळ बदलायचं बटण दाबू नकोस प्लीज. एकाने माळशेजचा फोटो टाकलेला, ढगात सूर्य डावीकडे आणि माणसांच्या सावल्या पण डावीकडे 🤦

रानभूत: केलं निगेटिव्ह काकांनी सांगितल्यासारखं, मध्ये चहा प्यायला उठलो आणि परत येऊन बघितलं तर अजून जास्तच वाटत होतं, मग सगळंच थोडं खाली ओढलं. आता मागच्या रांगा परत लांब गेल्यात, बायको पण "हां, असंच होतं" म्हणाली. फक्त आईने आधीचं कॅलेंडर फ्रेम करायला टाकलंय, तिला कोण सांगणार.