पॅसिव्ह प्रीअँपसाठी पॉट (व्हॉल्यूमचा फिरता रेझिस्टर) १० के (किलो-ओहम) घ्यावा की ५० के?

बोरिवली_बैठक:
नमस्कार मंडळी. अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप (वीज लावून सिग्नल वाढवणारा) काढून नुसता सोर्स निवडायचा सिलेक्टर आणि व्हॉल्यूम असलेला पॅसिव्ह डबा बनवायचा आहे. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, खोली १० बाय १२. डॅकचं (डिजिटल संगीताचा सिग्नल अँपला देणारं यंत्र) आउटपुट २ व्होल्ट, इम्पिडन्स (सिग्नलपुढचा अडथळा) १५० ओहम. पॉवर अँप ५० वॉट, गेन (सिग्नल किती वाढवतो ते) २६ डेसिबल, इनपुट इम्पिडन्स ४७ के. स्पीकर ८ ओहम, १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल. डॅक आणि टर्नटेबल सोफ्याजवळ, पॉवर अँप स्पीकरांपाशी, मध्ये ४ मीटर केबल. फोनो स्टेज (टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारा) व्हॉल्व्हचा आहे, शेवटी १२एएक्स७ व्हॉल्व्ह. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात १०, ५०, १०० के तिन्ही पॉट मिळतात. कुठला घेऊ? आणि आवाज कमी तर पडणार नाही ना?

गिरगाव_८ओहम:
आवाज अजिबात कमी पडणार नाही. २६ डेसिबल म्हणजे २० पट. ८ ओहमवर ५० वॉटला २० व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला १ व्होल्ट पुरे. डॅक २ देतोय.

पॅसिव्ह डब्यात खरं बघायचं ते हे, की केबलचा भार कोण उचलतंय. पॉटचा आउटपुट इम्पिडन्स नॉबबरोबर बदलतो आणि उणे ६ डेसिबलला सर्वांत जास्त, म्हणजे पॉटच्या सुमारे चौथा हिस्सा होतो. १० केला २.५ के, ५० केला १२.५ के. साध्या केबलचे मीटरला १०० पिकोफॅरड धरा, ४ मीटरचे ४०० आणि अँपच्या इनपुटचे १००, एकूण ५००. १० केवर उणे ३ डेसिबलचा बिंदू (जिथे वरचे सूर ३ डेसिबलने घटतात) १२५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, काळजी नाही. ५० केवर तो २५ किलोहर्ट्झवर उतरतो, म्हणजे २० किलोहर्ट्झला २ डेसिबल गेलेच. १०० केला १२-१३ किलोहर्ट्झ. तानपुऱ्याची जवारी मंद झाली की लोक "पॅसिव्हमध्ये जीव नसतो" म्हणतात. दोष पॅसिव्हचा नसतो, चुकीच्या पॉटचा आणि लांब केबलचा असतो.

तेव्हा १० के, लॉग (कानाला आवाज समान वाढताना वाटेल असा), स्टिरिओ (दोन्ही चॅनेलचा एकत्र). डबा सोफ्याजवळच ठेवा, हाताशी राहील. ५० केच हवा असेल तर डबा पॉवर अँपला चिकटवून अर्ध्या मीटरची केबल लावा. मग लांब केबल डॅक सांभाळेल, १५० ओहमला ते जड नाही.

एक मात्र लक्षात घ्या. उणे २० डेसिबलला अँपला ०.२ व्होल्ट मिळतात आणि स्पीकरला २ वॉट जातात, म्हणजे एका मीटरवर ९० डेसिबल. फ्लॅटमध्ये तुम्ही त्याच्याही खालीच ऐकणार, आणि पॉटची डावी-उजवी बाजू नेमकी तिथेच जुळत नाही. उपाय स्वस्त आहे: प्रत्येक चॅनेलला पॉटच्या आधी १० केचा १ टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये. ६ डेसिबल कमी होतात आणि नॉब चांगल्या भागात येतो. आउटपुट इम्पिडन्स ५ केपर्यंत चढतो, तुमच्या केबलवर ६० किलोहर्ट्झच्या वर राहतो. चालेल.

डाख_आणि_तार:
डॅकपुरतं वर सांगितलंय ते बरोबर. फोनोचं तसं नाही. १२एएक्स७ च्या प्लेटवरून सरळ आउटपुट काढलं असेल तर इम्पिडन्स काही दहा के, म्हणजे १० केपेक्षा बराच जास्त असतो. त्याला १० के दिलेत तर पातळी कोसळेल, विकृती वाढेल. त्यात शेवटचा कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा असला तर बासही कापला जाईल. त्या प्लेटनंतर कॅथोड फॉलोअर (आउटपुट इम्पिडन्स खाली आणणारा व्हॉल्व्हचा टप्पा) आहे का ते आधी सर्किटमध्ये बघा. असेल आणि कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा असेल, तर १० केही चालून जातो.

नसेल तर फक्त फोनोच्या वाटेवर बफर (सिग्नल न वाढवता पुढचा भार उचलणारं सर्किट) घाला. नेल्सन पास यांचा बी१ त्यासाठी उत्तम, गेन एकच, इनपुट इम्पिडन्स भरपूर. त्यात २एसके१७० जेएफईटी (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) लागतात. तोशिबाने ते बंद केलेत आणि बाजारात नकली फार, म्हणून त्यांच्याऐवजी एलएसके१७० शोधा.

ट्रान्सफॉर्मर व्हॉल्यूमचा (पॉटऐवजी ट्रान्सफॉर्मरने आवाज कमी करण्याचा) मोह होईल. सुंदर चीज आहे, पण महाग, डीसी चालत नाही, आणि उंच इम्पिडन्सच्या फोनोपुढे तोही हतबल.

गिरगाव_८ओहम:
फोनोचा मुद्दा मान्य, ते माझ्याकडून राहिलं. उद्या पॉवर अँप बदलून टीपीए ३११६ या अँप-चिपचा बोर्ड घेणार असाल तर हेही बघा: त्याचा इनपुट २६ डेसिबल गेनला ३० के असतो, ३६ ला फक्त ९ के.

बोरिवली_बैठक:
खूप आभार. फोनोत कॅथोड फॉलोअर आहे, कपॅसिटर २.२ चाच. म्हणजे १० के नक्की. आल्प्स कंपनीचा निळा पॉट घेतो. खरा कसा ओळखू, आणि जोडताना काय बघू?

डाख_आणि_तार:
रंगावर आणि छापावर जाऊ नका, मोजून घ्या. कडेच्या दोन पायांत दोन्ही गँगना (प्रत्येक चॅनेलच्या पॉटला) जवळपास १० के दिसायला हवेत. नॉब पूर्ण डावीकडे फिरवा. मधल्या पायापासून ज्या कडेच्या पायाला शून्य ओहम येतं, तो ग्राउंडचा. उलटा जोडलात तर नॉब बंद असताना पूर्ण आवाज येईल आणि ट्वीटर जाईल.

मग दोन्ही चॅनेलला १०० हर्ट्झचा एकच टोन द्या आणि आउटपुटला एसी मिलिव्होल्ट मोजा. साधं मीटर एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीलाच खरं वाचतं, आणि मिलिव्होल्टची एसी रेंज असलेलंच हवं. एकीकडे २०० आणि दुसरीकडे १७८ म्हणजे १ डेसिबलचा फरक, गायिका मधून सरकलेली कळते. दुकानदाराला आधीच विचारा, फरक निघाला तर बदलून देणार का.

मधल्या पायापासून ग्राउंडला प्रत्येकी १ मेगओहमचा रेझिस्टर लावा. वायपर (पॉटचा सरकता स्पर्श) क्षणभर उचलला गेला तर अँपचा इनपुट मोकळा राहत नाही. फिरवताना खरखर आली तर दर वेळी धूळच असेल असं नाही, पॉटवर डीसी येत असेल. सोर्स आणि अँपच्या इनपुटला डीसी मोजा, काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त नको.

डबा धातूचाच घ्या. आरसीए सॉकेट फायबर वॉशरने अलग ठेवा आणि ग्राउंड एकाच ठिकाणी डब्याला जोडा. नॉबला हात लावला की घूं वाढते, तेव्हा पॉटच्या अंगाला ग्राउंड पोचलेलं नसतं. सोन्याचा मुलामा असलेले सॉकेट घ्या. पावसाळ्यात इथल्या खाऱ्या दमट हवेत साधे सॉकेट काळे पडतात आणि एक बाजू अधूनमधून गायब होते.