टोकियोत रामेन खायचंय, पण आई माळकरी. कसं जमवावं?

रानजाई: पुढच्या महिन्यात आई, मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा टोकियोला चाललोय. अॅनिमे (जपानी कार्टून) बघून बघून त्याने धोशा लावलाय, रामेनच (रश्शातल्या नूडल्स) खायचं आणि तेही काउंटरवर बसून. आम्हा दोघांना काहीही चालतं. आई माळकरी, अंडंसुद्धा नाही, कांदा-लसूण चालतो. तिला भाज्यांचं रामेन मिळेल का? आणि रामेनच्या दुकानात ऑर्डरसाठी यंत्रातून तिकीट काढायचं प्रकरण काय आहे? जपानी आम्हाला शून्य येतं.

भटकभवानी: मिळतं की! मेनूवर 'यासाई रामेन' शोधा. भाज्यांचंच असतं.

कासाईकर: ताई, यासाईच्या भानगडीत पडू नका. भाज्या ढीगभर असतात, पण खालचा रस्सा बहुधा हाडांचाच. वरचे डुकराचे काप, म्हणजे चाशू, नको म्हटलं तर काढून देतील. तासन्‌तास उकळलेल्या रश्शातून काय काढणार? शोयु (सोया सॉसचं) आणि शिओ (मिठाचं) रामेन नितळ दिसतं म्हणून माणूस फसतो. त्यातही कोंबडी नाहीतर सुकवलेले मासे असतात.

आईंना सरळ टोकियो स्टेशनातल्या 'टीज तानतान'ला न्या. सगळंच व्हीगन, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, तिळाचा दाट रस्सा. जेआर रेल्वेच्या तिकीट-गेटच्या आत आहे, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर, त्यामुळे बाहेरून चालत जाऊन सापडणार नाही. तिघांना एकत्र खायचं असेल तर 'आफुरी' बघा. तिथे व्हीगन रामेन असतं आणि तुम्हा दोघांना युझूच्या (लिंबासारखं जपानी फळ) वासाचं चिकनचं मिळेल. स्वयंपाकघर मात्र एकच. ते चालणार का, हे आईंनाच विचारा.

यंत्राचं सोपं आहे. आधी पैसे, मग बटण, मग निघालेलं तिकीट काउंटरवर ठेवायचं. काहीच वाचता आलं नाही तर वरचं डावीकडचं बटण दाबा, बहुतेक दुकानांत तिथे त्यांचं मुख्य रामेन असतं (आईंच्या बाबतीत हा जुगार अजिबात नको). हजार येनच्या नोटा जवळ ठेवा, दहा हजारांची नोट बरीच यंत्रं घेत नाहीत. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, त्याही काही जुन्या यंत्रांना ओळखता येत नाहीत. पाणी फुकट, टीप द्यायची नाही.

मुलाला एकदा हाकाता पद्धतीचं खायला घाला. डुकराच्या हाडांचा पांढरा रस्सा आणि अगदी बारीक नूडल्स. किती कडक हव्यात ते विचारतात, 'काता' म्हणायचं. फारच हौस असेल तर 'बारीकाता', पण पहिल्यांदा नको, कच्चट लागतं. या नूडल्स भराभर फुगतात, म्हणून एका वेळी थोड्याच देतात. संपल्या की 'काएदामा' म्हणायचं, नव्या येतात. मिसळीला आपण वरून रस्सा मागतो, इथे रस्सा तोच आणि नूडल्स पुन्हा. तेव्हा रस्सा आधीच संपवू नका. आणि फोटो एखादाच! वाडगं समोर आलं की गप्पा बंद. बाहेर रांग उभी असते, खाऊन झाल्यावर रेंगाळणं मला तरी बरं वाटत नाही.

तिखटजाळ: वेळ असेल तर शिन-योकोहामाचं रामेन संग्रहालय करा. 1994 पासून आहे. आत 1958 सालची गल्ली उभी केलीय, इन्स्टंट रामेन आलं ते साल. वेगवेगळ्या प्रांतांची दुकानं आहेत आणि छोटी वाडगी मिळतात, त्यामुळे मुलाला दोन-तीन प्रकार चाखता येतील. सापोरोचं मिसो रामेन (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) मिळालं तर जपून, वर चरबीचा थर असतो, वाफ दिसत नाही आणि जीभ भाजते.

रानजाई: सगळ्यांचे आभार. आईला तिळाचा रस्सा ऐकूनच आवडलाय. पण फुर्र फुर्र आवाज करत खायचं तिला पटत नाहीये. आणि काउंटरच्या त्या उंच स्टुलावर ती चढणार कशी?

कासाईकर: आवाज केलाच पाहिजे असं कुठे आहे? शांतपणे खाल्लं तरी कोणी बघत नाही. टीज तानतानला टेबलं आहेत. फक्त बारा ते एक टाळा, ऑफिसवाल्यांची झुंबड असते.